लॅपटॉप, ऑडिओ प्रोसेसर आणि मधली यूएसबी केबल

हेडफोनची साडेतीन एमएमची पिन मिक्सरला जोडून लॅपटॉपचा आवाज हॉलमध्ये वाजवणं नागपुरातल्या कुठल्याही साउंडवाल्याला झोपेतही जमतं. पिन सैल झाली की एक बाजू गायब होते, चार्जर लावला की भुणभुण येते. पण बिघाड कुठे आहे ते वायर हलवली की कळतं. आता कॉलेजचा सेमिनार हॉल असो, कोचिंग क्लासचा ऑनलाइन वर्ग असो, की अर्धे सभासद पुण्या-बेंगळुरूहून जोडलेली फ्लॅट स्कीमची सभा असो, रॅकमध्ये ऑडिओ प्रोसेसर, म्हणजे माइक आणि स्पीकरांचे आवाज आकड्यांत मिसळणारं, साफ करणारं यंत्र, बसलेला असतो आणि लॅपटॉप त्याला एकाच यूएसबी केबलने जोडायचा असतो. केबल लावायला दहा सेकंद लागतात. मग पलीकडच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो, मधूनच टक-टक होते, किंवा प्रोसेसर लॅपटॉपला दिसतच नाही. इथे केबल हलवून काही कळत नाही.

कारण या केबलमधून आवाज जात नाही, आकडे जातात. एका सेकंदाला ४८,००० वेळा आवाजाच्या लहरीची उंची मोजायची, ते आकडे पुड्यांमध्ये बांधायचे आणि पाठवत राहायचं. हा व्यवहार सुरळीत चालायला तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. आकडे कुणाच्या घड्याळाने मोजायचे, कुठल्या क्रमांकाच्या चॅनलमध्ये काय आहे, आणि आलेल्यातलं काय परत पाठवायचं नाही. सगळ्यात जास्त गोंधळ तिसऱ्या गोष्टीत होतो, म्हणून खाली तिला सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

प्रोसेसर हा शब्द इथे सैलपणे वापरला आहे. कॉन्फरन्स रूमचा डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसर) असो की यूएसबी असलेला डिजिटल मिक्सर, जोडणीचं तत्त्व एकच.

पोर्ट आणि केबल

प्रोसेसरच्या मागे यूएसबीचं भोक दिसलं म्हणजे त्यातून आवाज जातोच असं नाही. चपटं, पेनड्राइव्ह बसतो तसं टाइप-ए भोक बहुतेक वेळा पेनड्राइव्हवर रेकॉर्डिंग करायला किंवा यंत्राचं आतलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, भरायला असतं. लॅपटॉपकडे जाणारी जोडणी चौकोनी टाइप-बी भोकाची, म्हणजे प्रिंटरला असते तशी, किंवा नव्या यंत्रांत टाइप-सी असते. काही प्रोसेसरांमध्ये तर टाइप-बी भोकही फक्त सेटिंग करायला ठेवलेलं असतं. मॅन्युअलमध्ये ‘यूएसबी ऑडिओ’ हे शब्द आणि चॅनलची संख्या, उदाहरणार्थ ‘२ इन २ आऊट’, लिहिलेली सापडली नाही तर पुढे जाण्यात अर्थ नाही. दोन्ही टोकांना टाइप-ए असलेली केबल कुणी सीताबर्डीच्या बाजारातून आणून दिली तर ती तशीच परत करा. दोन्ही बाजूंनी वीज पाठवणारी यंत्रं एकमेकांना जोडली जातात आणि पोर्ट जळू शकतो.

दुसरी फसगत चार्जिंगच्या केबलची. मोबाइलसोबत आलेल्या किंवा स्वस्तात मिळालेल्या काही केबलींत फक्त विजेच्या दोनच तारा असतात, डेटाच्या नसतात. प्रोसेसरचा दिवा लागतो, लॅपटॉपला मात्र काहीच दिसत नाही. शंका आली की त्याच केबलने मोबाइल लॅपटॉपला जोडून त्यातले फोटो दिसतात का ते बघा.

यूएसबी २.० केबलची लांबी जास्तीत जास्त ५ मीटर. प्रत्यक्षात २-३ मीटरची, चांगल्या शिल्डची केबल घेतली की डोकेदुखी वाचते. साधी एक्स्टेंशन वायर एकापुढे एक जोडून ८-१० मीटर गाठायचा प्रयत्न केला तर आज चालेल, उद्या ऐन कार्यक्रमात तुटेल. यूएसबी ऑडिओ ज्या पद्धतीने जातो त्यात हरवलेली पुडी परत मागवायची सोयच नसते. पेनड्राइव्हवर फाइल कॉपी करताना एखादी पुडी खराब झाली तर ती पुन्हा पाठवली जाते, आपल्याला पत्ताही लागत नाही. आवाजाला मात्र थांबायला वेळ नसतो. गेलेली पुडी गेली, आणि तिच्या जागी ‘टक’ ऐकू येतं. पेनड्राइव्ह चालतो म्हणून केबल चांगली, हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा.

किती चॅनल, कुठला ड्रायव्हर

यूएसबी ऑडिओचे दोन मुख्य प्रकार व्यवहारात भेटतात. पहिला, १९९८ सालचा क्लास १, बहुधा सेकंदाला १२ मेगाबिटच्या जुन्या वेगावर चालतो. दुसरा, २००६ सालचा क्लास २, तो ४८० मेगाबिटचा वेग वापरतो. फरक का पडतो ते हिशेबाने कळेल. जुन्या वेगात दर मिलिसेकंदाला एक पुडी जाते आणि तिच्यात जास्तीत जास्त १०२३ बाइट मावतात. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८,००० आकडे धरले तर, एका मिलिसेकंदात प्रत्येक चॅनलचे ४८ आकडे होतात. १६ बिटचा आकडा २ बाइटचा, म्हणजे ८ चॅनलचे ७६८ बाइट, मावले. तेच २४ बिट घेतले तर आकडा ३ बाइटचा आणि ८ चॅनलचे होतात ११५२ बाइट, नाही मावले. कॉन्फरन्सच्या डीएसपीमध्ये चॅनल वाढवल्यावर बिट कमी करावे लागतात ते यामुळे. बेहरिंगरच्या एक्सआर१८ मध्ये १८ जाणारे आणि १८ येणारे चॅनल आहेत, एक्स३२ मध्ये ३२-३२. एवढा पसारा जुन्या वेगात जाऊच शकत नाही.

क्लास १ च्या यंत्राला कुठलाच वेगळा ड्रायव्हर लागत नाही. क्लास २ साठी मॅकमध्ये सोय आधीपासून आहे, विंडोज १० मध्ये ती २०१७ सालच्या १७०३ या आवृत्तीपासून आली. कोचिंग क्लासमध्ये अजून विंडोज ७ चा जुना डेस्कटॉप चालत असेल तर कंपनीचा ड्रायव्हर टाकल्याशिवाय गाडी पुढे सरकणार नाही. अनेक चॅनल वेगवेगळे रेकॉर्ड करायचे असतील तर नव्या विंडोजवरही कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला यंत्राशी थेट जोडणारा) टाका, आणि तो केबल लावण्याआधी टाका.

ज्या प्रोसेसरमध्ये कुठला आवाज कुठे जाणार याचा आराखडा सॉफ्टवेअरने बनवावा लागतो, तिथे आराखड्यात यूएसबीचा ब्लॉक ठेवून तो यंत्रात भरेपर्यंत लॅपटॉपला काही दिसत नाही. हे माहीत नसलं की माणूस तासभर केबली बदलत बसतो. चॅनलची संख्या नंतर बदलली तर विंडोज कधीकधी जुनीच संख्या धरून बसतं. तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमधून ते यंत्र अनइन्स्टॉल करून केबल काढून पुन्हा लावावी.

घड्याळ कुणाचं

प्रोसेसर ४८,००० म्हणतो तेव्हा ते त्याच्या स्वतःच्या स्फटिकाच्या घड्याळाने ४८,००० असतं. लॅपटॉपचं घड्याळ वेगळं. दोन्हींत दहा लाखात ५० एवढाच फरक आहे असं धरा. सेकंदाला २.४ आकड्यांची तफावत पडते. मधला बफर, म्हणजे आकडे घटकाभर साठवायची जागा, २५६ आकड्यांचा असेल तर साधारण १०७ सेकंदांत तो रिकामा होईल किंवा भरून वाहील, आणि एक ‘टक’ येईल. दर पावणेदोन मिनिटांनी घड्याळ लावल्यासारखी टक येत असेल तर केबलला दोष देऊ नका, ही दोन घड्याळांची भांडणं आहेत.

चांगल्या यंत्रांत यावर उपाय आधीच केलेला असतो. प्रोसेसर आपल्या घड्याळाने चालतो आणि लॅपटॉपला ‘थोडं जास्त पाठव, थोडं कमी पाठव’ असं सांगत राहतो. याला असिंक्रोनस पद्धत म्हणतात. आपलं काम एवढंच, की प्रोसेसरलाच घड्याळाचा मालक राहू द्यायचं आणि लॅपटॉपमध्ये एकाच वेळी दुसरं ऑडिओ यंत्र मिसळायचं नाही. यूएसबी माइक वेगळा आणि प्रोसेसर वेगळा, असे दोन्ही एकाच रेकॉर्डिंगमध्ये घेतले की भांडण पुन्हा सुरू. घ्यायचेच असतील तर मॅकच्या ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस (दोन्ही यंत्रांचं मिळून एक) बनवून घड्याळ प्रोसेसरचं ठेवा आणि दुसऱ्या यंत्रापुढे ‘ड्रिफ्ट करेक्शन’ची खूण करा.

दर जुळवणं ही आणखी वेगळी गोष्ट. व्हिडिओ, कॉन्फरन्स सगळं ४८,००० वर चालतं. गाण्यांच्या सीडीचा दर ४४,१००. प्रोसेसर ४८ वर आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ४४.१ वर समजून बसलं, तर एक तासाचं भाषण वाजवताना ६५ मिनिटं आणि १८ सेकंदांचं होतं आणि सूर पेटीवरच्या जवळपास दीड पट्टीने (दीड सेमीटोनने) खाली उतरतो. काळी एकमध्ये गायलेलं पद पांढरी एक आणि खालची पांढरी सात यांच्या मधे कुठेतरी जाऊन पडतं. वक्त्याच्या बाबतीत हे लवकर लक्षात येत नाही, ‘आज जरा थकलेले वाटतात’ एवढंच लोक म्हणतात. पेटीवाल्याच्या मात्र पहिल्या सुरालाच लक्षात येतं.

आलेलं परत पाठवू नका

एका खोलीचा विचार करा. टेबलावर चार माइक, भिंतीवर दोन स्पीकर, लॅपटॉपवर मीटिंग सुरू. लॅपटॉपमधून पलीकडच्या माणसाचा आवाज यूएसबीने प्रोसेसरमध्ये येतो आणि स्पीकरवर जातो. चार माइकांचा आवाज प्रोसेसरमध्ये मिसळून यूएसबीनेच लॅपटॉपकडे परत जातो. केबल एक, पण आतमध्ये दोन वेगळे रस्ते आहेत, जाणारा आणि येणारा.

आता नावांचा घोळ बघा. प्रोसेसरच्या सॉफ्टवेअरमध्ये जे ‘यूएसबी इन’ आहे, तेच विंडोजमध्ये ‘आउटपुट’ किंवा स्पीकर म्हणून दिसतं. प्रोसेसरचं ‘यूएसबी आऊट’ विंडोजमध्ये माइक म्हणून दिसतं. प्रत्येक यंत्र आपल्या बाजूने बोलतं, म्हणून शब्द उलटतात. आराखड्यावर आणि रॅकच्या कागदावर ‘लॅपटॉपकडून’ आणि ‘लॅपटॉपकडे’ असं सरळ मराठीत लिहून ठेवलं तर पुढच्या माणसाचा अर्धा तास वाचतो.

प्रोसेसरमध्ये एक मॅट्रिक्स असतं: उभ्या रांगा, आडव्या रांगा आणि मधे चौकोन. डाव्या बाजूला, आत येणारे आवाज: माइक १ ते ४, लॅपटॉपकडून. वरच्या बाजूला, बाहेर जाणारे आवाज: स्पीकर, लॅपटॉपकडे. सवयीचा मिक्सरवाला सगळे चौकोन चालू करून टाकतो, कारण मिक्सरवर सगळं एकाच मास्टरला जातं. इथे तसं केलं की ‘लॅपटॉपकडून’ आलेला आवाज ‘लॅपटॉपकडे’ परत जातो आणि पलीकडचा माणूस स्वतःचं प्रत्येक वाक्य अर्ध्या सेकंदाने परत ऐकतो. तो वैतागून म्हणतो, ‘तुमच्याकडे एको येतोय’. हॉलमध्ये बसलेल्यांना मात्र काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे त्यांचा विश्वास बसत नाही. एको ज्याला ऐकू येतो त्याच्या समोरच्या टोकाला दोष असतो, हे एकदा पक्कं लक्षात ठेवा.

तर ‘लॅपटॉपकडून ते लॅपटॉपकडे’ हा एक चौकोन रिकामा ठेवायचा. साउंडवाले याला मिक्स-मायनस म्हणतात, सगळ्यांचं मिश्रण वजा ज्याला पाठवायचं त्याचाच आवाज. डिजिटल मिक्सरवर हेच करायचं तर यूएसबीकडे मुख्य मास्टर पाठवू नका. एक ऑक्झिलरी (मास्टरपासून वेगळं मिश्रण बाहेर पाठवणारा रस्ता) घ्या, त्यात फक्त माइक उघडा, लॅपटॉपच्या चॅनलचा सेंड, म्हणजे तिकडे जाणारा आवाज, पूर्ण बंद ठेवा आणि ती ऑक्झिलरी यूएसबीच्या १-२ ला जोडा. सेंड पोस्ट-फेडर (चॅनलच्या आवाजाच्या सरकपट्टीनंतर, म्हणजे फेडरनंतर, घेतलेला) ठेवला तर फेडर खाली ओढून माइक बंद केल्यावर पलीकडेही बंद होतो. प्री-फेडर (फेडरआधी घेतलेला) ठेवला तर हॉलमध्ये असा बंद केलेला माइक पलीकडे सुरूच राहतो, आणि सभेत काय काय बोललं जातं ते आपल्याला माहीत आहेच.

एवढं करूनही थोडा एको उरतो, कारण स्पीकरचा आवाज हवेतून पुन्हा माइकमध्ये शिरतो. तो काढण्याचं काम प्रोसेसरमधल्या एको कॅन्सलरचं, एईसीचं. त्याला सांगावं लागतं, ‘हा आवाज स्पीकरवर गेला आहे, माइकमध्ये तो सापडला तर वजा कर.’ या सांगण्याला रेफरन्स म्हणतात. रेफरन्सला लॅपटॉपकडून आलेला आवाज द्यायचा, तोही आवाज कमी-जास्त करण्याच्या नियंत्रणानंतरचा. नियंत्रणाआधीचा दिला तर कुणी रिमोटने आवाज वाढवला की एईसीचा हिशेब चुकतो आणि तो पुन्हा शिकेपर्यंत काही सेकंद एको जातो. अ‍ॅम्प्लिफायरची खुंटी फिरवणं त्याच कारणाने टाळावं. ती एकदा लावून तिच्यावर टेप मारावा.

रेफरन्समध्ये खोलीतल्या माइकांचा आवाज कधीही घालू नका. मोठ्या हॉलमध्ये वक्त्याचा माइक स्पीकरवरही वाजवावा लागतो, आणि अशा वेळी ‘स्पीकरवर जे जातं ते सगळं रेफरन्स’ असं घाईत जोडलं जातं. मग एईसी वक्त्यालाच एको समजून कापायला लागतो. पलीकडे वक्ता विहिरीत बसून बोलतोय असं ऐकू येतं, शब्दांची टोकं गळतात. ही चूक शोधायला फार वेळ जातो, कारण हॉलमध्ये सगळं छान वाजत असतं.

एईसी कुठेतरी एकाच ठिकाणी हवा. मीटिंगचं अ‍ॅपही स्वतःचा एईसी चालवतं; दोन्ही चालले की एकाने साफ केलेल्यावर दुसरा पुन्हा रंधा मारतो. काही डीएसपींमध्ये यूएसबी ब्लॉकला ‘स्पीकरफोन’ असं ओळखपत्र देता येतं. ते दिलं की लॅपटॉपला कळतं की एको काढण्याचं काम समोरच होतंय, आणि बरीच अ‍ॅप्स आपला एईसी आवरतं घेतात. नुसतं ‘लाइन’ असं ओळखपत्र दिलं तर अ‍ॅप एईसी चालूच ठेवतं. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’चा पर्याय चालू करून त्यातली ‘एको कॅन्सलेशन’ची खूण काढली तरी हे साधता येतं. तबला, गायनाच्या ऑनलाइन शिकवणीला तर हा पर्याय लागतोच, कारण अ‍ॅपची गोंगाट-चाळणी तानपुऱ्याच्या अखंड सुराला पंख्याचा आवाज समजते आणि पुसून टाकते.

पंख्यावरून आठवलं. उन्हाळ्यात इथे पंखा कमी, डेझर्ट कूलर जास्त. कूलरची घरघर स्थिर असते म्हणून प्रोसेसरची नॉइज रिडक्शन ती बरीच कमी करते. ९ ते १२ डेसिबलपर्यंत ठीक, त्यापुढे नेली तर माणसाचा आवाज पाण्याखालचा वाटतो. माइक कूलरपासून दूर आणि तोंडाजवळ घेणं केव्हाही स्वस्त. आणि कूलरचा ओला झोत रॅकवर येऊ देऊ नका, कनेक्टर गंजतात.

कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग हवं असेल तर दोन्ही बाजूंचे आवाज लागतात, तेव्हा तो रिकामा चौकोन भरायचा मोह होतो. भरू नका. यूएसबीचे चॅनल ३-४ असतील तर त्यांवर वेगळं पूर्ण मिश्रण पाठवा. फक्त दोनच असतील तर अ‍ॅपमधूनच रेकॉर्ड करा.

लॅपटॉपच्या आतली उपद्रवी सेटिंगं

विंडोजमध्ये ‘रन’ उघडून एमएमएसवायएस डॉट सीपीएल (mmsys.cpl) टाइप केलं की जुनी साउंड खिडकी उघडते. नवीन सेटिंगच्या पानापेक्षा ती कामाची. प्लेबॅकमध्ये प्रोसेसर निवडून ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये २४ बिट, ४८,००० ठेवा (क्लास १ च्या यंत्रात कदाचित १६ बिटच दिसेल, चालतं). रेकॉर्डिंगच्या बाजूलाही तेच. ‘एनहान्समेंट’ सगळ्या बंद. ‘कम्युनिकेशन्स’ टॅबवर मूळ सेटिंग असं असतं की कॉल आला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करा. तिथे ‘काहीच करू नका’ निवडा. मीटिंग सुरू असताना व्हिडिओ लावला आणि त्याचा आवाज एकदम बसला, तर हे तपासा.

विंडोजने प्रोसेसरला आपणहून डिफॉल्ट केलेलं असतं. ते काढून डिफॉल्ट लॅपटॉपच्याच स्पीकरला द्या, आणि मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये, प्लेअरमध्ये प्रोसेसर हाताने निवडा. वसंतराव देशपांडे सभागृहाएवढ्या मोठ्या हॉलमध्ये पाहुण्यांचं भाषण सुरू असताना व्हॉट्सअ‍ॅपची ‘टिंग’ मुख्य स्पीकरवर वाजली तर सगळ्यांच्या माना साउंडवाल्याकडे वळतात. साउंड स्कीम ‘नो साउंड्स’ करून ठेवली तर निम्मा धोका तिथेच संपतो.

पॉवरचं सेटिंगही बघावं लागतं. बॅटरी वाचवायला विंडोज यूएसबी पोर्ट झोपवतं. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत खिडकीत ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. ते तिथे दिसत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली खूण काढा. अधूनमधून अनियमित टक-टक येत असेल, तर कुठल्या ड्रायव्हरमुळे आवाज अडतोय ते दाखवणारं लेटन्सीमॉन हे मोफत सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवून बघा. वायफायचा ड्रायव्हर पुष्कळदा दोषी निघतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की तापलेला लॅपटॉप स्वतःचा वेग कमी करतो, आणि डिसेंबरात नीट चाललेली जोडणी तेव्हा टकटकायला लागते. बफर वाढवा. २५६ आकडे म्हणजे ५.३ मिलिसेकंद, १०२४ म्हणजे २१.३, मीटिंगला किंवा नुसत्या रेकॉर्डिंगला एवढा उशीर कुणाच्या लक्षातही येत नाही. गायकाला कानात स्वतःचा आवाज लॅपटॉपमधून फिरवून द्यायचा असेल तरच १२८ किंवा ६४ वर उतरावं लागतं.

वेबकॅम आणि प्रोसेसर एकाच हबवर लावू नका, दोघांनाही राखीव जागा हवी असते. यूएसबी ३ चे हब आणि केबली २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट सोडतात, म्हणून त्या पट्ट्यात चालणाऱ्या स्वस्त वायरलेस माइकचा रिसीव्हर त्यांच्या शेजारी ठेवू नये.

लेव्हल लावताना लॅपटॉपचा आवाज १०० वर ठेवा आणि तिथेच सोडा. कमी-जास्त करायचं ते प्रोसेसरमध्ये. उणे २० डेसिबलचा १ किलोहर्ट्झ टोन लॅपटॉपवर वाजवा, प्रोसेसरच्या यूएसबी मीटरवर उणे २० दिसलंच पाहिजे. उणे २६ किंवा उणे ३२ दिसलं तर अ‍ॅपचा किंवा विंडोजचा कुठलातरी स्लायडर मधे कापतोय. परतीच्या रस्त्यावर साधं बोलणं उणे २० च्या आसपास आणि जोरातलं हसणं उणे १० ते १२ पर्यंत जावं. डिजिटलमध्ये शून्याच्या वर जागाच नाही, तिथे आवाज फाटतो. अ‍ॅपमधलं ‘माइकचा आवाज आपोआप जुळवा’ बंद करा, नाहीतर सगळी शांत असताना ते गेन चढवत बसतं आणि पहिला माणूस बोलला की पलीकडच्यांच्या कानठळ्या बसवतं.

भुणभुण आणि नागपूरची जमीन

यूएसबी डिजिटल असूनही भुणभुण का येते, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. आकड्यांमध्ये ती येत नाही. पण यूएसबी केबलमध्ये एक ग्राउंडची तार आणि शिल्ड असते, तिने लॅपटॉपचं ग्राउंड प्रोसेसरच्या ग्राउंडला जोडलं जातं. लॅपटॉपला एचडीएमआयने छतावरचा प्रोजेक्टर जोडलेला असतो, त्याची वीज दुसऱ्याच पॉइंटवरून, कधी दुसऱ्या फेजवरून येते. झालं, मोठं वर्तुळ पूर्ण. त्यातून ५० आणि १०० हर्ट्झचा प्रवाह फिरतो आणि प्रोसेसरच्या अनबॅलन्स्ड (बाहेरचा गोंगाट झटकू न शकणाऱ्या) अ‍ॅनालॉग वायरींमध्ये शिरतो.

शोधायचा क्रम असा: आधी चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. भुणभुण गेली तर रस्ता चार्जरचा. नाही गेली तर एचडीएमआय काढा. तेव्हा गेली तर रस्ता प्रोजेक्टरचा. दोन्हींनी नाही गेली तर यूएसबी काढा. तरीही राहिली तर दोष यूएसबीकडे नाहीच, माइकच्या किंवा अ‍ॅम्प्लिफायरच्या वायरी तपासा.

उपाय म्हणून लॅपटॉप, प्रोसेसर, अ‍ॅम्प्लिफायर आणि जमलं तर प्रोजेक्टरही एकाच फेजवरून, एकाच बोर्डावरून घ्या. प्रोसेसर ते अ‍ॅम्प्लिफायर वायर बॅलन्स्ड एक्सएलआरची (दोन तारांनी आवाज नेऊन गोंगाट वजा करणारी, तीन पिनांची) करा, किंवा मधे ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला. यूएसबीतलं ग्राउंड तोडून फक्त डेटा जाऊ देणारा आयसोलेटरही मिळतो, पण बाजारातले स्वस्त आयसोलेटर १२ मेगाबिटच्या जुन्या वेगापुरतेच असतात. २-इन-२-आऊटच्या क्लास १ यंत्राला ते चालतात. १८ चॅनलच्या मिक्सरला लावले की मिक्सर दिसेनासाच होतो. घेताना खोक्यावर ४८० मेगाबिट लिहिलेलं बघा. आणि अर्थिंगची पिन कापण्याचा किंवा तिच्यावर टेप गुंडाळण्याचा जुना इलाज करू नका. भुणभुण जाते, पण बिघाड झालाच तर वीज माइक धरलेल्या माणसातून वाट काढते.

उन्हाळ्यातच भुणभुण का वाढते, याचं उत्तर पुष्कळदा जमिनीत असतं. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात वाळून भेगाळते. अर्थिंगच्या इलेक्ट्रोडभोवतीची माती सुटली की अर्थिंगचा विरोध वाढतो. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांतलं व्होल्टेज मोजा: एक-दोन व्होल्ट असेल तर ठीक, पाचच्या वर असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. मार्चपासून अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी घालायला सांगणं हे साउंडच्या कामातच धरावं.

रॅक लांब असेल तर

मंचामागे रॅक आणि शेवटच्या रांगेत लॅपटॉप, मधे २५-३० मीटर. इथे साधी यूएसबी केबल विसरा. सोपा मार्ग म्हणजे लॅपटॉपच रॅकजवळ ठेवून पडदा आणि माऊस लांब नेणं. नाहीतर कॅट-६ या नेटवर्क केबलवरून यूएसबी लांब नेणारा एक्स्टेंडर घ्यावा, ज्याच्या निदान एका टोकाला स्वतःचा वीजपुरवठा आहे आणि जो यूएसबी २.० चा पूर्ण वेग नेतो. नुसते दोन प्लास्टिकचे तुकडे, मधे नेटवर्क केबल, असे शे-दोनशेचे एक्स्टेंडर कीबोर्डसाठी ठीक. ही कॅट-६ थेट एक्स्टेंडर ते एक्स्टेंडर जावी, ऑफिसच्या नेटवर्क स्विचमधून नाही.

वळवाच्या पावसात वीज अर्धा सेकंद जाऊन येते. लॅपटॉप बॅटरीवर तरून जातो, प्रोसेसर मात्र रीस्टार्ट होतो. तेवढ्यात मीटिंगचं अ‍ॅप लॅपटॉपच्या स्वतःच्या माइकवर उडी मारतं आणि प्रोसेसर परत आला तरी पुष्कळदा तिथेच बसून राहतं. हॉलभर शांतता, पलीकडच्यांना फक्त लॅपटॉपजवळच्या दोघांची कुजबुज. प्रोसेसर आणि एक्स्टेंडर छोट्या यूपीएसवर टाका. अ‍ॅम्प्लिफायर त्यावर नको, तो यूपीएस बसवेल. चालू करताना प्रोसेसर आधी, मग लॅपटॉप, शेवटी अ‍ॅम्प्लिफायर. बंद करताना अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात आधी, नाहीतर स्पीकरमध्ये धाडकन आवाज होतो.

आणि एक बारीक गोष्ट. काही यंत्रांना स्वतःचा सीरियल क्रमांक नसतो. अशा यंत्राची केबल उद्या लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टमध्ये लावली की विंडोज त्याला नवंच यंत्र समजतं, नावापुढे ‘२’ लावतं आणि केलेली सगळी सेटिंगं सोडून देतं. ज्या पोर्टवर जोडणी केली त्याच्या कडेला रंगीत टेपचा तुकडा लावा, केबलच्या टोकाला त्याच रंगाचा दुसरा.